रकान्यात बसवलेली म्हातारी

बाळांनो,

गेल्या आठवड्यात तुम्ही मला एक व्हिडिओ पाठवलात. समोरच्या घरातल्या मुलीने केलेला, दोन मिनिटांचा, शेवटी येणाऱ्या नामावलीत माझं नाव असलेला. तो तुमच्यापर्यंत कुठून कुठे फिरत आला, कोण जाणे. खाली तुम्ही लिहिलं होतं की शाळेतल्या मित्रांना दाखवला, सगळे टरकले, आणि ती म्हातारी कोण आहे, तिने काम फार छान केलंय. मी उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला आणि फोन उपडा ठेवला.

ते उत्तर खोटं होतं. खरं उत्तर त्या चौकोनात मावत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. अडेल तिथे आईला वाचून दाखवायला सांगा. जे सर्वांत महत्त्वाचं आहे ते आधीच सांगून टाकते, कारण मुद्दा शेवटी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांचे मी आयुष्यभर गुण कापले. त्या दोन मिनिटांमुळे माझ्या सर्वांत जुन्या मैत्रिणीला तिच्या गावात आता कोणी बाळाला न्हाऊ घालायला बोलवत नाही. आणि त्या दोन मिनिटांचा पाया मी माझ्या हाताने, पट्टी धरून आखला होता.

ही मैत्रीण माझी भुजली. तुम्हाला हा शब्द कोणी सांगितला नसेल. आमच्या लहानपणी पवनीला श्रावणात मुली टोपलीत गहू पेरायच्या, आणि ते पिवळसर कोंब नदीत शिरवायला, म्हणजे सोडायला, न्यायच्या. त्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या कानामागे ते कोंब खोवले की त्या जन्माच्या भुजली झाल्या. मग पुन्हा एकमेकींना नावाने हाक मारायची नाही, "भुजली" म्हणायचं. मी अकरा वर्षांची होते, ती बारा. माझ्या वडिलांकडे हातमाग होते, तिच्या वडिलांकडे धानाची शेती. सातवीनंतर तिचं लग्न झालं आणि ती वैनगंगेकाठच्या एका गावात गेली. मी नागपूरला इंग्रजी शिकले आणि परत येऊन पवनीच्या शाळेत तीच भाषा शिकवली. तिचं गाव पुढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता ती पुनर्वसनाच्या गावठाणात राहते, जिथे सगळ्या गल्ल्या सरळ आहेत आणि झाडं अजून खांद्याएवढीच आहेत. तिथे कोणाच्याही घरी बाळ जन्मलं की सव्वा महिना त्याला तेल लावून न्हाऊ घालायचं काम तिचं. याचे ती पैसे घेत नसे. "माह्या हातचं पोट्टं रडत नाही," एवढाच तिचा तोरा.

समोरची मुलगी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात माध्यमांचा अभ्यासक्रम करते. मागच्या हिवाळ्यात तिच्या गटाला काम मिळालं: एका थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची. पण कॅमेरा हातात घेण्याआधी प्रेक्षकांचा अभ्यास करायचा. आपला प्रेक्षक कोण, त्याला कशाची भीती वाटते, खुनी पहिल्याच दृश्यात दिसावा की नाही, कोणत्या आवाजाने अंगावर काटा येतो, अशा प्रश्नांचे फॉर्म भरून घ्यायचे, उत्तरं मोजायची आणि त्यांवरून पटकथा बेतायची. फॉर्म इंग्रजीत होता. ती तो घेऊन माझ्याकडे आली.

"आजी, हे मराठीत करून द्या ना. गुगलनं करून पाहिलं, तं सगळी सरकारी नोटीस वाटून राहिली."

मी नुसतं मराठीत करून दिलं नाही. मी प्रश्नांचा क्रम बदलला, एकच गोष्ट दोनदा विचारणारे प्रश्न काढले, आणि उत्तरं मोजण्यासाठी मोठ्या कागदावर तक्ता आखून दिला. निवृत्तीला किती वर्षं झाली! कोणी माझ्याकडे आखायला काही घेऊन आलं नव्हतं. त्या दुपारी मी चहा घ्यायचं विसरले, एवढं सांगितलं की पुरे.

मीच एक सूचनाही केली. मुलांनी फॉर्म साकोलीच्या बसस्टँडवर, आसगावच्या बाजारात आणि स्वतःच्या कॉलेजात भरून घेतले होते, म्हणजे जवळजवळ सगळे त्यांच्याच वयाचे. मी म्हटलं, "प्रेक्षक फक्त कॉलेजात राहतो का गं? खेड्यातल्या बायका पिक्चर बघत नाहीत?" मुलगी म्हणाली, त्या आम्हाला काय सांगतील. मी म्हटलं, मला सांगतील.

अशी मी भुजलीकडे फॉर्म घेऊन गेले.

ती ओसरीवर लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. मी चष्मा लावून पेन काढल्यावर तिने सूप खाली ठेवलं.

"काय व भुजली, जनगणना आली का?"

"नाही गं. पोरी सिनेमा काढतायत. तुला कशाची भीती वाटते ते विचारायचंय."

"मले? तुह्या पेनाचं भेव वाटते. शाळेत होतो तवापासून."

वय विचारलं तर म्हणाली, "तुह्यापेक्षा एक जास्त लिव, तुले बरं वाटन." खुनी सुरुवातीला दिसावा का, तर म्हणाली, "दिसू द्या बापा, नाही तं मी झोपून जाईन." मी उत्तरं लिहीत गेले, ती हसत होती, आणि तिच्या दारात उभी राहून शेजारची पोरंही हसत होती. मग आवाजाचा प्रश्न आला. कोणत्या आवाजाची भीती वाटते?

पोरांना तिने घरी पिटाळलं. मग म्हणाली, "थाळीचा."

गाव उठलं तेव्हाची गोष्ट तिने मला तोवर कधी सांगितली नव्हती. मला वाटायचं, मला सगळं ठाऊक आहे. लोक घरांचे कवेलू म्हणजे कौलं, मयाली म्हणजे तुळया, दारं-चौकटी काढून ट्रॅक्टरवर नव्या जागी नेत होते. भुजलीची सासू मात्र जात्यापासून हलेना. ऐंशीच्या पुढची बाई. शेवटी घरच्यांनी ठरवलं की दारं आधी काढून न्यायची. दारच नाही म्हटल्यावर बुडी, म्हणजे म्हातारी, किती बसेल? सागाचं दोन फळ्यांचं दार, मागचं दार, दोन्ही काढली. भुजली स्वतः दारांसोबत ट्रॅक्टरवर बसून गेली, उतरवून घ्यायला. सासूसाठी भात आणि पाणी ठेवलं होतं. पुढच्या खेपेत तिला आणायचं होतं. पण पाऊस आला, रस्त्याचा चिखल झाला, ट्रॅक्टर फसला. भुजली पोचली ती तिसऱ्या दिवशी.

"दुरूनच थाळी वाजून राहिली होती व. आमी समजलो, कोनाचं लगन आहे का काय. उजाड गावात लगन कोनाचं? बुडी दाराच्या खिंडारात बसली होती. कुत्रे आत येत होते, त्यायले हाकलाले थाळी वाजवत होती. केस सुटले होते. मले पाह्यलं तरी हात थांबे नाही."

थाळी तिच्या हातातून काढून घ्यावी लागली. नव्या गावात महिनाभरात ती गेली. त्याच सुमारास तिथे गुरं मेली, दोन लेकरं आजारी पडली. लोक म्हणू लागले की बुडी ओसाड गावात एकटी राहिली, थाळी वाजवून तिने काहीतरी बोलावलं, आणि ते ट्रॅक्टरवर बसून इथे आलं. ही कुजबुज विझायला वर्षं लागली. भुजलीने एकेका घरचं बाळ न्हाऊ घालून ती विझवली.

हे सगळं सांगून झाल्यावर तिने सूप पुन्हा हातात घेतलं आणि म्हणाली, "मी दारं आधी नेली, भुजली. मानूस मांगून. थाळी वाजली का मले ते भेव येते."

मी फॉर्मवर पाहिलं. "आवाज" या प्रश्नापुढे एक ओळ होती. तक्त्यातला रकाना त्याहून लहान. शाळेत मी मुलांना सारांश लिहायला शिकवायचे: एकही शब्द जास्त नको. मी लिहिलं: "दार नसलेलं घर, थाळी, म्हातारी." आणि फॉर्मच्या कोपऱ्यात, व्यवस्थेसाठी, गावाचं नाव.

घरी येऊन सगळे फॉर्म मोजले. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. कॉलेजच्या मुलांची उत्तरं एकसारखी होती: मुखवटा, चाकू, नागझिऱ्याचं जंगल, आणि सर्वांत जास्त खुणा "मोकळ्या केसांची म्हातारी" यापुढे. तो पर्याय मुळात इंग्रजी फॉर्ममध्ये नव्हता. "अजून काही सुचवा" म्हणून मुलीने विचारलं तेव्हा मीच घातला होता. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींतून सुचला, दुसरं काही नाही.

मुलगी तक्ता घेऊन बसली. तिचं बोट रकान्यांवरून फिरत भुजलीच्या ओळीवर थांबलं.

"आजी, हे काय आहे? दार नसलेलं घर, थाळी... अहो, हे तं ओपनिंगच आहे! लोकांना म्हातारी पाहिजे, आणि आवाज आपल्याला इथं भेटला."

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. माझ्या तक्त्यातून काहीतरी निघालं होतं.

मग तिने विचारलं, "हे खरं घडलेलं आहे का? त्या बाईंना विचारून घेऊ का एकदा?"

तिने विचारलं होतं, हे लक्षात ठेवा. वीस वर्षांच्या मुलीला सुचलं. आणि मी, सत्तरी ओलांडलेली, म्हणाले, "फॉर्मवर नाव नाही ना? मग विचारायचं कोणाला? नियम असा असतो की उत्तर देणारा अनामिक असतो."

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात. मुलांनी फॉर्मच्या कोपऱ्यातलं गावाचं नाव वाचून त्याच गावाच्या जुन्या जागी जाऊन चित्रण केलं. तुम्ही पाहिलंत: नदीकडून येणारा एक तरुण, दुरून थाळीचा आवाज, दार नसलेली चौकट, पाठमोरी म्हातारी, आणि ती वळते तेव्हा तिचे डोळे पांढरे. मग काळा पडदा, लाल अक्षरं. म्हातारी म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातली एक तिशीची बाई, पांढऱ्या केसांचा टोप घालून. आधी कच्चा तुकडा वर्गात दाखवून पुन्हा फॉर्म भरून घेतले. ती वळते ते दृश्य सगळ्यांना आवडलं, म्हणून ते आणखी लांबवलं. त्यांच्या सरांनी चांगले गुण दिले, आणि शेरा लिहिला की संशोधन विशेष उल्लेखनीय. मुलीने पेढे आणले. मी दोन खाल्ले.

नऊ-दहा दिवसांत तो व्हिडिओ गावठाणातल्या प्रत्येक फोनवर होता.

मला हे भुजलीने कळवलं नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या गावात सून आहे, तिचा फोन आला. तिला नुकताच मुलगा झाला होता. बाळ छान आहे, मॅडम, वजन चांगलं आहे, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, तो तुमच्या नावाचा पिच्चर... तो तुमच्या भुजलीच्याच सासूचा आहे ना?"

"न्हाऊ घालायला तीच येते ना तुझ्याकडे?" मी विचारलं.

"येत होत्या. आता सासूबाईंनी दुसऱ्या गावची बाई लावली."

"आणि तुझं काय म्हणणं आहे? तू बी.ए. आहेस."

"माहा विश्वास नाही, मॅडम, अशा गोष्टींवर. पण लेकराच्या बाबतीत रिस्क कोण घेईल?"

ही मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. व्याकरणात तिची कधी चूक झाली नाही.

मी दुसऱ्याच दिवशी गावठाणात गेले. भुजलीचं दार बंद होतं. तेच दार, जुन्या गावचं, सागाचं. मी कडी वाजवली. तिने उघडलं, मला पाहिलं, आणि मला माझ्या नावाने हाक मारली.

साठ वर्षांत पहिल्यांदा.

"ये," म्हणाली. पाणी दिलं. मी बोलायला सुरुवात केली की मला कल्पना नव्हती, मुलांनी असं दाखवलं, मी सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं.

"मी तुले किती वेळ सांगत होती त्या दिवशी?"

"बराच वेळ."

"मंग तीनच गोष्टी काहून लिवल्या?"

"रकाना लहान होता गं."

"मंग मोठा करा लागत होता. आखला तं तूनंच ना?"

ती पुढे म्हणाली, "कुत्रे कुठं गेले? तुह्या कागदात कुत्रे नाहीत, पाऊस नाही, ट्रॅक्टर नाही. मी बी नाही. दारं कोनं नेली ते बी नाही. एकटी बुडीच ठेवली तिथं. मी एकदा ठेवली, तू दुसऱ्यांदा ठेवली."

मी म्हटलं, मी गावात बायकांना एकत्र करते, सगळं खरं सांगते. मी घरून लिहूनच नेलं होतं, चार पानं, मुद्देसूद. तिने पानं हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि परत दिली.

"नोको. चार पानं सांगसीन, लोक चार शब्द घेतीन. कोनते चार, ते तुह्या हातात नाही."

मी तरीही बचत गटाच्या बैठकीत जाऊन बोलले. माझा स्वभाव. बायकांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे, मॅडम" म्हटलं. त्यानंतरच्या महिन्यात गावात दोन बाळं जन्मली. दोन्ही ठिकाणी बाहेरची बाई आली.

समोरच्या मुलीला मी सगळं सांगितलं तेव्हा ती रडली. व्हिडिओ तिने त्याच मिनिटाला काढून टाकला. "पण आजी, लोकांच्या फोनमधून कसा काढू?" मग म्हणाली, मला त्यांच्याकडे घेऊन चला. मी नेलं. मला वाटलं होतं भुजली तिला चार शब्द सुनावेल. तिने तिला पाटावर बसवलं, चुरमुरे दिले, आणि विचारलं, "तुह्या पिच्चरमधे बुडी आखरीले काय करते, बाई?"

मुलगी म्हणाली, "पुढचं केलंच नाही, आजी. आम्हाला फक्त सुरुवातच करायची होती."

"हो," भुजली म्हणाली. "सुरुवातच पुरते."

मुलीने आता सिनेमाचा विषय सोडून जाहिरातींचा घेतला आहे. तिथेही फॉर्म भरून घेतात म्हणे. माझ्याकडे आणत नाही.

तुम्ही विचाराल, आजी, चूक नक्की कोणाची? मी पुष्कळदा मांडून पाहिलं. ज्यांना म्हातारी हवी होती त्यांची, ज्यांनी ती दाखवली त्यांची, ज्यांनी ओळखली त्यांची. पण प्रत्येक वेळी मांडणी माझ्या तक्त्याशी येऊन थांबते. लोकांना कशाची भीती वाटते हे आम्ही त्यांना विचारलं, आणि त्यांनी सांगितलं तेच त्यांना परत दिलं. ज्या एका बाईने खरोखरची भीती सांगितली, तिचीच सर्वांनी भीती धरली. इतकं व्यवस्थित काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

या श्रावणात मी गहू पेरले. परातीत, खिडकीपाशी, कोणाला न सांगता. कोंब वीतभर झाल्यावर पिशवीत घालून गावठाणात घेऊन गेले. भुजलीने ते पाण्याच्या पेल्यात ठेवले. कानामागे खोवले नाहीत, आणि मीही पुढे सरले नाही. तिच्या हातांना तेलाचा वास येत नव्हता. पूर्वी यायचा, नेहमी.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. व्हिडिओत काम केलं ते कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईने; खरी म्हातारी एका बाईची सासू होती, कुत्र्यांना हाकलत होती, आणि दाराची वाट पाहत होती. तुमच्या मित्रांना एवढं सांगितलंत तरी चालेल. ते चार शब्दच लक्षात ठेवतील, पण निदान हे चार ठेवू द्या.

तो फॉर्म माझ्या कपाटात आहे, तक्ताही आहे. जुन्या गावचं दार भुजलीच्या घराला लावलेलं आहे. मी गेले की ती मला नावाने हाक मारते, आणि ते दार उघडते.